वाटणीत न आलेला दांडा

"वहिनी, पाणी माझ्या पत्र्यावर सांडू नका. पत्रा गंजतो."

त्या दिवशी सकाळी घरातलं पहिलं वाक्य हे. मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी परसातून कोबीच्या रोपांचे ट्रे उचलून पिकअपमध्ये चढवत होतो. रोपं ओली ठेवावी लागतात, म्हणून ट्रे ओले, आणि ओल्या ट्रेमधून पाणी ठिबकणारच. पण भावजींना कोण सांगणार? हातात फडकं घेऊन ते आमच्या मागं मागं थेंब पुसत होते. एका ट्रेला हात लावला नाही.

"आणि माझ्या इंजिनावर किती बोजा टाकताय, ते पण बघा जरा," पुढून आमचे हे म्हणाले. ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला ताप आला होता तेव्हा असा हात कुणी ठेवल्याचं आठवत नाही.

आता हे 'माझा पत्रा' आणि 'माझं इंजिन' काय प्रकरण आहे, ते आधी सांगते. सांगताना तोंड कडू होतं, पण सांगते.

सासरे गेले आणि दोघा भावांचं बिनसलं. घर वाटलं, रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या. शेवटी राहिली ही जुनी गाडी. ती एकानं घ्यावी आणि दुसऱ्यानं बदल्यात दुसरं काही घ्यावं, हे कुणालाही सुचेल. पण दोघांनाही ती स्वतःला हवी होती त्याहून जास्त दुसऱ्याला मिळू नये असं वाटत होतं. दोघांचे मामा मध्यस्थीला आले होते. सगळं मिटलं, गाडीवर येऊन घोडं अडलं. दिवस कलला. मामांचा घसा बसला. शेवटी ते वैतागून ओरडले, "मग कापा तिला मधून! पुढचं थोरल्याला, मागचं धाकट्याला!"

मामा रागानं बोलले होते. शहाण्या माणसानं मान खाली घातली असती. ह्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालंल."

मामांनी चपला पायात सरकवल्या आणि जे गेले, ते परत आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा आले नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून बॉनेट, इंजिन, गिअरबॉक्स, केबिन हे सगळं आमच्या ह्यांचं. मागचा माल भरायचा पत्र्याचा हौद, मागचा आस, मागची चाकं भावजींची. गाडी एक दिवसाआड वापरायची. भावजींचा दिवस असला की ते ह्यांच्या सीटवर आपलं पोतं अंथरून त्यावर बसतात, परक्याच्या गादीवर कशाला टेका! ह्यांचा दिवस असला की हे हौदात आधी स्वतःची ताडपत्री अंथरतात. गाडी धुवायची तर ह्यांनी केबिनच्या काठापर्यंतच धुवायची, शिंतोडा मागं उडता कामा नये. पुढे भावजींनी हौदाला हिरवा रंग फासला. पुढची बाजू पांढरीच. येताना वाटतं एक गाडी आली, जाताना वाटतं दुसरीच गेली. गाव तिला सावत्र गाडी म्हणतं. गावाला काय, फुकटचा तमाशा. पण गाव हसतं तेव्हा तोंड आम्हां दोघींना लपवावं लागतं.

पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही, असं भावाभावांबद्दल म्हणतात. म्हणणाऱ्यानं आमच्या घरचं पाणी पाहिलं नव्हतं.

तर ह्या गाडीला बऱ्याच दिवसांपासून एक खोड लागली होती. हळू चालली की खालून चिमणीसारखा आवाज यायचा. चिक्, चिक्, चिक्. आणि पहिला गिअर टाकून निघाली की एक 'ठक्'. मी ह्यांना म्हटलं, "अहो, खाली काहीतरी कोरडं पडलंय."

ह्यांनी मान वाकडी करून कान दिला. मग चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. "मागून येतोय. त्याच्या बाजूचं दुखणं आहे. वाजू दे."

तिकडं जावेनंही तिच्या नवऱ्याला सांगितलं. भावजी म्हणाले, "पुढचा आवाज आहे तो. दादाचा गिअरबॉक्स बसणार बघ." आणि त्या दिवशी ते चार घास जास्त जेवले, असं जाऊच मला सांगत होती. सांगताना तिला शिसारी येत होती.

चिमणी ना पुढं होती ना मागं. ती होती मधे. इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत पोचवायला गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा गेलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, म्हणजे गाडी खड्ड्यातून हिंदकळली तरी दांडा वाकत-वळत फिरत राहतो. सांध्यात जो चार पायांचा तुकडा बसतो त्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात. त्याला अधूनमधून ग्रीस भरावं लागतं, एवढंच त्याचं मागणं. ग्रीसचा पंप ह्यांच्या कपाटात कुलपात होता. पण पंप ह्यांचा असला तरी दांडा ह्यांचा नव्हता. आणि भावजींचाही नव्हता. मामा पुढचं म्हणाले, मागचं म्हणाले. मधलं त्यांच्या तोंडातून निघालंच नव्हतं.

आता आमच्या दोघींचं सांगते. वाटणी पुरुषांची झाली, परसाची भिंत मात्र आम्ही घालू दिली नाही. त्या परसात आम्ही हिरवी जाळी बांधून रोपं तयार करायला लागलो होतो. बी टोचायचं, माती गाळायची, पाणी झारीनं द्यायचं, उन्हाचा रोख बघून ट्रे सरकवायचे. सुरुवातीला शेजारीपाजारी चार-दोन ट्रे न्यायचे. मग टेकडीपलीकडच्या मोठ्या मळ्याची मालकीण स्वतः येऊन रोपं बघून गेली. मूळ बोटावर घेऊन निरखलं तिनं. तिच्या आधीच्या रोपवाल्यानं तिला जून, लांबडलेली रोपं गळ्यात मारली होती, म्हणून ती तापलेली होती.

"तुमची रोपं चांगली दिसतात," ती म्हणाली. "पण मी सरळ सांगते. माझी माणसं सकाळपासून सऱ्यांवर उभी राहतील. पाणी सोडलेलं असेल. ऊन चढायच्या आत रोपं आली पायजेत. आली तर दर हंगामाला तुमच्याकडूनच नेईन. नाय आली, तर परत तुमच्या दाराकडं बघणार नाय."

दर हंगामाला! जावेनं त्या संध्याकाळी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. ते काम हातात आलं तर आम्हाला कुणाच्या निम्म्यात राहायची गरज नव्हती. त्या दिवशी गाडीत काय होतं म्हणाल तर हे होतं. कोबीची रोपं नुसती वरवरची.

गाडी निघाली. हे चालवायला, कारण इंजिन ह्यांचं. भावजी हौदाच्या काठावर बसलेले, पत्र्याची राखण करायला. आम्ही दोघी ट्रेंच्या मधे उकिडव्या, ओली गोणपाटं धरून. ठक्. चिक्, चिक्, चिक्.

"वाजतोय बघा दादाचा गिअरबॉक्स," भावजी आनंदानं म्हणाले.

पूल ओलांडला की टेकडीचा चढ लागतो. चढाच्या मध्यावर ह्यांनी पहिला गिअर टाकला, आणि आमच्या पायाखाली कुणी घण घालावा तसा दणका बसला. मग दुसरा. मग खडखडाट, लोखंड रस्त्यावर फरफटल्याचा. आणि मग इंजिन एकटंच बोंबलायला लागलं. गाडीला त्याचं काही सोयरसुतक राहिलं नव्हतं. ती क्षणभर थांबली आणि हळूच मागं सरकू लागली.

"अहो, ब्रेक!" मी किंचाळले.

"दाबलाय! जड आहे, सरकतीय! गिअर पण धरत नाय!"

"मग हँडब्रेक ओढा ना!"

"ओढलाय! लागत नाय! त्याच्या चाकात ब्रेकचं लायनर कुठाय!"

भावजी हौदातून उठून उभे राहिले. "लायनर नवे आहेत! दादा, तुझी वायर ढिली आहे, वायर!"

"वायर मागं येती, ती तुझी!"

"दांडी तुझ्या हातात आहे, वायर माझी कशी?"

खाली पूल, पुलाखाली नदी, गाडी वीत वीत मागं चाललेली, आणि हे दोघं वायर कुणाची ते ठरवत होते. देवा, असली माणसं घडवताना तुझं लक्ष कुठं होतं? जावेनं काठावरून उडी टाकली. रस्त्याकडेचा धोंडा तिनं पोटाशी धरून उचलला आणि मागच्या चाकाखाली टाकला. दुसऱ्या चाकाला मी. गाडी धोंड्यावर रेलली आणि थांबली. जावेच्या हाताची सालटी निघाली होती.

"ताई," ती धापा टाकत म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

वाकून पाहिलं. दांड्याचं मागचं टोक सुटून रस्त्यावर पडलं होतं, मेलेल्या उंदराच्या शेपटीसारखं. सांध्यातला क्रॉस तुटलेला, आणि त्याच्या भोवती लाल लाल गंजाची भुकटी. ओशटपणा थेंबभर नाही. लोखंड पार तहानेनं मेलं होतं.

दोघं भाऊ दोन बाजूंनी गाडीखाली डोकावले. मला वाटलं, आता तरी लाजतील.

"बघ," हे म्हणाले. "तुझ्याकडचं टोक तुटलंय."

"टोक माझ्याकडं आहे, पण दांडा निघतो कुठनं? तुझ्या गिअरबॉक्समधनं," भावजी म्हणाले. "जनावर ज्याचं, शेपूट त्याचं."

"मग शेपटाला आग तू लावलीस."

"मी कशाला लावू? ग्रीसचा पंप कुणाच्या कुलपात आहे?"

"मागितलास का कधी?"

"दिला असतास का?"

ऊन चढायला लागलं होतं. मी जावेला रोपांजवळ ठेवलं आणि चढ उतरून मिस्त्रीकडं निघाले. त्याचं गॅरेज पुलापाशीच आहे. तो दारात बसून चहा पीत होता. मिस्त्री तोंडाचा फाटका, पण हाताचा चोख. मला बघून म्हणाला, "सावत्र गाडी ना? आवाज ऐकला मी. कुठली मेली, पुढची का मागची?"

"मधली," मी म्हटलं.

त्याला ठसका लागला. मग त्यानं फळीवरची धूळ झटकून एक डबी काढली. "ह्या जातीच्या जुन्या गाडीचा क्रॉस एकच पडलाय माझ्याकडं. चला."

तो गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळानं तोंड वाकडं करून बाहेर आला. बोटांवर लाल भुकटी होती. ती त्यानं दोघा भावांच्या नाकासमोर धरली.

"ह्याला ग्रीस शेवटचं कधी केलं होतं?"

दोघांनी नाकं मागं घेतली.

"सासरे होते तेव्हा," जाऊ वरून म्हणाली.

मिस्त्री बाजूला थुंकला. "बरं. दांड्याचे क्रॉस धरणारे कान शाबूत आहेत, नशीब तुमचं. नवा क्रॉस बसतो. बसवू?"

आता ह्यात विचार करण्यासारखं काय होतं, सांगा. 'बसव' म्हणायचं. तीन अक्षरं. पण जो म्हणेल, दांडा त्याच्या वाटणीत गेला. आणि दांडा त्याच्या वाटणीत गेला, की इतके दिवस ग्रीस न केल्याचं खापरही त्याच्याच डोक्यावर. हे दोघांनाही बरोबर कळलं. बाकी कशात डोकं चालत नाही, असल्या गोष्टीत कसं चुरूचुरू चालतं!

"धाकट्याला विचार," आमचे हे म्हणाले आणि झाडाकडे बघू लागले.

"वडील माणूस असताना मी कोण बोलणार?" भावजी म्हणाले. वडील माणसाचा मान त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आठवला.

"मी परत विचारतो," मिस्त्री म्हणाला. "बसवू का?"

दोघं दोन दिशांना बघत सावलीत जाऊन बसले, एकाच झाडाला दोन बाजूंनी पाठ लावून. जाऊ नदीवरून बादलीनं पाणी आणून गोणपाटांवर शिंपत होती. कडेच्या ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली होती. आणि झाडामागून आवाज आला, "पाणी जपून टाका गं. पत्रा गंजतोय."

तेव्हा मला राग नाही आला. राग यायला समोरचं माणूस तेवढ्या मोलाचं लागतं. नुसती किळस आली. ताटात माशी दिसावी तशी.

"बसव," मी म्हटलं.

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. "कुणाच्या नावानं?"

"आमच्या. माझ्या आणि हिच्या."

"म्हणजे दांडा कुणाचा?"

"आमचा. तू साक्षीला आहेस."

झाडामागून दोघांचे जीव भांड्यात पडल्याचं ऐकू आलं. आमचे हे हसले. "घ्या की! दांडा घेऊन काय जात्याला लावणार?"

"घ्या, वहिनी, खुशाल घ्या," भावजी म्हणाले. "त्याला ना इंजिन, ना चाक. घ्या."

मिस्त्री आम्हाला म्हणाला, "बायांनो, मग धरायला या. मालकानं हात लावला पायजे."

आम्ही धरलं. आधी त्यानं दांड्यावर आणि दोन्ही जोडांवर खडूनं खुणा केल्या. "जशा होत्या तशाच समोरासमोर बसल्या पायजेत. इकडचं तिकडं झालं तर गाडी अंगात आल्यासारखी थरथरंल." मग नट खोलून दांडा काढला, दगडांवर आडवा टाकला. मी एका टोकाला, जाऊ दुसऱ्या टोकाला, दोघींनी गच्च दाबून धरला आणि त्यानं हातोडीनं क्रॉसच्या पायांवरच्या जुन्या वाट्या ठोकून काढल्या. एक वाटी गंजून अशी चिकटली होती, की ती निघताना मिस्त्रीच्या तोंडून दोघा भावांच्या सात पिढ्यांची आठवण निघाली. नव्या वाट्यांत सुयांसारखे बारीक रोळ उभे लावलेले असतात. एक जरी आडवा पडला तरी वाटी बसत नाही. श्वास धरून बसवल्या. शेवटी खुणा जुळवून दांडा परत चढवला, त्यानं आपल्या पंपानं ग्रीस भरलं, चारी टोकांनी पिवळं ग्रीस फुगून बाहेर आलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता पोट भरलं ह्याचं. अधूनमधून एवढं दिलंत तर जन्मभर रडणार नाय. माणसांचं मी सांगत नाय."

मोबदल्याचं विचारलं तर म्हणाला, "दारात चार वाफे आहेत, बायको मागं लागलीय. एक ट्रे द्या अन् मोकळ्या व्हा."

मळ्यावर पोचलो तेव्हा माणसं बांधावर बसून होती आणि मालकीण फाटकात उभी. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की तिनं आम्हाला मनातून काढूनही टाकलं होतं. कडेचे काही ट्रे करपले होते. ते आम्ही तिनं सांगायच्या आधीच बाजूला काढले. उरलेल्यांतलं एक रोप तिनं उपसलं, मूळ बोटावर घेतलं. मग माझ्या हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत काळे होते.

"हे काय?"

"आमच्या गाडीचा सांधा तुटला होता. बसवून आणला."

"मुळं ओली आहेत," ती म्हणाली. आणि माणसांना हात केला. माणसं उठली. निघताना म्हणाली, "पुढच्या खेपेला मिरचीची रोपं लागतील. पण गाडी धड ठेवा. मला सबबी चालत नाहीत."

परत येताना आम्ही दोघी रिकाम्या हौदात पाय पसरून बसलो होतो. गाडी अशी गुपचूप चालली होती, की रस्त्याकडेच्या खऱ्या चिमण्या ऐकू येत होत्या. एवढा वेळ तरी मला सुखानं बसू द्यावं! पण भावजींनी विचार केला होता.

"वहिनी, एक आत्ताच बोलून ठेवतो. दांडा तुमचा झाला. म्हणजे ह्यापुढं ग्रीसचं बघायचं ते तुम्ही."

पुढून ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "आणि तुमच्या दांड्यामुळं माझ्या गिअरबॉक्सला काही झालं, तर ते भरून द्यायचं तुम्ही!"

जाऊ माझ्याकडं बघू लागली. मी तिच्याकडं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं भाऊ आपापल्या खाटेवर घोरत पडले होते. आम्ही अंगणात उभ्या गाडीच्या चाकांना पुढून-मागून धोंडे लावले, कारण दांडा काढला की गाडीला गिअरचा आधार राहत नाही, हे चढावर पुरतं शिकलो होतो. ह्यांच्या पेटीतला पाना घेतला. नट हलेनात तेव्हा पान्याला पाइप अडकवून जाऊ त्यावर उभी राहिली. दांडा निघाला. भरल्या घागरींपेक्षा जड होता, पण घागरी आम्ही जन्मभर वाहिल्यात. दोघींनी उचलून घरात नेला, पुसला, आणि माझ्या धान्याच्या कणगीमागं चादर घालून निजवला.

सकाळी ह्यांचा दिवस होता. माल भरला, इंजिन सुरू केलं, गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं. गाडी तिथंच. दुसरा गिअर. गाडी तिथंच. हे उतरले, चाकांचे धोंडे काढले, परत बसले. गाडी तिथंच.

"अगं, गाडी जाईना!"

"जाईल कशी?" मी चुलीपुढून म्हटलं. "तिचा दांडा झोपलाय."

पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. आवाज ऐकून भिंतीपलीकडून भावजी हसत आले. "दादा, तुझी बाईल तुझ्यावर उलटली." मग जावेनं त्यांना शांतपणे सांगितलं, की उद्या तुमच्या दिवशीही दांडा झोपलेलाच असेल. हसू जागच्या जागी वाळलं.

"दांडा पायजे तर मिळंल," मी दोघांना सांगितलं. "पण एकट्याला नाय. दोघांनी मिळून यायचं, मिळून मागायचा. आणि आमच्या रोपांचा दिवस आधी, मग तुमचे."

"मागायचा? आमच्या गाडीचा दांडा आम्ही मागायचा?"

"तुमची गाडी कुठली? पुढचं तुमचं, मागचं त्यांचं. दांडा आमचा. तुम्हीच दिलात. मिस्त्री साक्षीला आहे."

मग नाना प्रकार झाले. ह्यांनी जेवणावर बहिष्कार टाकून पाहिला. मी ताट वाढलंच नाही, तेव्हा स्वतः उठून वाढून घेतलं. भावजी बायकोपुढं इतके गोड झाले, की जावेला मळमळलं. दोघांनी वेगवेगळं मिस्त्रीकडं जाऊन दुसरा दांडा मागितला. मिस्त्रीनं दोघांना एकच उत्तर दिलं, "असल्या जुन्या गाडीचा मिळत नाय. अन् मिळाला तरी आधी सांगा, वाटणी कुणाची?" माल दारात सुकत पडला. गाव येऊन इंजिनाचा आवाज ऐकून जायचं.

शेवटी एका सकाळी दोघं आले. माझ्या उंबऱ्याशी, शेजारी शेजारी, खांद्याला खांदा. वाटणीनंतर एका दारात दोघं उभे राहिलेले मी पाहिले नव्हते. माना खाली.

"दांडा द्या," हे म्हणाले.

"द्या, वहिनी," भावजी म्हणाले.

कुणी 'चुकलं' म्हणेल अशी आशा मी ठेवली नव्हती, त्यामुळे निराशाही झाली नाही. "पंपाचं कुलूप काढा," मी म्हटलं. ह्यांनी किल्ली दिली.

दांडा बसवायला त्यांच्या हातात दिला नाही. आमचा होता. आम्ही दोघी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. खडूची खूण खुणेसमोर आणली, नट आवळले. मग मी पंपाचं तोंड लावलं आणि जाऊ दांडी दाबू लागली. आमच्या डोळ्यांसमोर चार पाय होते. दोन पाय ह्यांचे, दोन भावजींचे, हिरव्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधे, इतके जवळ की कुणाचा कुठला ते पटकन कळेना. वर दोघं हळू आवाजात बोलत होते. भांडत नव्हते. जावेनं माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही क्षणभर वाटलं, सांधा जुळला.

म्हणून दोघींनी कान दिला.

"डोक्यावर मिऱ्या वाटायला लागल्यात दोघी," हे म्हणत होते.

"अगदी बरोबर बोललास दादा," भावजी म्हणाले. "आपणच लाडावून ठेवल्या."

जावेनं डोळे पुसले. ग्रीसचा हात होता, गालावर काळा पट्टा उमटला. "दाबू का अजून?" तिनं विचारलं.

"दाब," मी म्हटलं. "बाहेर येईपर्यंत दाब."